बशीत उगवणारे रक्त

रक्त तयार करणारी मूळ पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नुसती पाहून ओळखता येत नाही. ती लहान, गोल, साध्या लिम्फोसाइटसारखी दिसते. तिच्यात तांबड्या पेशीचा रंग नसतो की पांढऱ्या पेशीचे दाणे नसतात. शेजारची पेशीही तशीच दिसते, पण तिच्यातून पुढे काहीच निपजत नाही. निरोगी प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत अशाच थोड्या पेशींच्या जोरावर दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार होत असतात. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी लढणारी न्यूट्रोफिल पेशी रक्तात जेमतेम दिवसभर टिकते. हा खर्च जन्मभर भरून काढणारी पेशी कोणती, हे कळण्याचा सर्वात भरवशाचा मार्ग म्हणजे तिला वाढू देणे आणि तिची संतती मोजणे.

वर्धा जिल्ह्यातल्या जाम, समुद्रपूर, हिंगणघाट या पट्ट्यातल्या सोयाबीन उत्पादकाला हा मार्ग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पेरणीच्या आधी घरच्या बियाण्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, काही दिवसांनी गोणपाट उलगडायचे आणि किती दाण्यांना चांगले कोंब आले ते मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणे पेरणीजोगे, कमी उगवले तर एकरी प्रमाण वाढवायचे. दाणा टपोरा दिसतो म्हणून उगवेलच असे नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. मानवी रक्तजनक पेशींचे प्रयोगशाळेतले संवर्धन ही मुळात उगवणशक्तीचीच चाचणी आहे. फरक इतकाच की इथे शंभरातले सत्तर उगवत नाहीत. मज्जेतल्या हजार पेशी पेरल्या तर एक-दोन, फार तर काही थोड्या वसाहत धरतात.

हाडांच्या पोकळीत रक्त तयार होते हे एर्न्स्ट नॉयमन या जर्मन शास्त्रज्ञाने 1868 मध्ये दाखवले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे मज्जा पाहिली गेली ती मुख्यतः काचपट्टीवर पसरून, रंगवून, म्हणजे मेलेल्या अवस्थेत. 1961 मध्ये टोरंटोचे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी किरणांनी मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली. दहा-एक दिवसांत त्या उंदरांच्या प्लीहेवर गाठी उठल्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत सिद्ध झाले की एकेक गाठ एकेका पेशीची संतती आहे. रक्ताच्या मूलपेशीचा हा पहिला भक्कम पुरावा होता. पण माणसाच्या बाबतीत असा प्रयोग करता येत नाही. मानवी पेशींसाठी शरीराबाहेरच शेत तयार करावे लागणार होते.

ते शेत सापडले घट्टसर माध्यमात. 1965 मध्ये इस्रायलचे प्लुझनिक आणि साक्स यांनी, आणि 1966 मध्ये मेलबर्नचे ब्रॅडली आणि मेटकाफ यांनी स्वतंत्रपणे उंदराच्या रक्तजनक पेशी अगरमध्ये वाढवल्या. अगर म्हणजे समुद्रशेवाळातून मिळणारा, घरी चायना ग्रास म्हणून वापरला जाणारा पदार्थ. पातळ द्रवात पेशी विभागली की तिच्या लेकी इकडे-तिकडे वाहून जातात आणि कोण कोणाची हे कळत नाही. घट्टसर माध्यमात मात्र त्या जन्मल्या तिथेच राहतात आणि त्यांची एक वसाहत बनते. 1970 च्या सुमारास मानवी मज्जाही अशी उगवू लागली. पुढे अगरऐवजी मिथाइलसेल्युलोज रूढ झाले. वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेला हा पदार्थ पाण्यात भिजला की दाट पाकासारखा होतो. आजही जगभरच्या प्रयोगशाळा तोच वापरतात.

निरोगी मज्जा मिळवणे हेच या कामातले पहिले अवघड पाऊल असते. आजाऱ्याची मज्जा निदानासाठी काढावीच लागते. निरोगी माणसाच्या कमरेच्या हाडात सुई घालण्याला तसे कारण नसते. म्हणून बहुतेक नमुने दोन वाटांनी येतात. भावंडाला मज्जा देणाऱ्या दात्याच्या पिशवीत किंवा गाळणीत उरलेला अंश ही एक वाट. खुब्याचा सांधा बदलताना काढून टाकलेल्या हाडातली मज्जा ही दुसरी. दोन्हींसाठी दात्याची लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. सुईने मज्जा ओढली जाते तेव्हा पहिले दोन-तीन मिलिलिटर सर्वात कसदार असतात. त्याच जागेहून आणखी ओढत राहिले तर मज्जेऐवजी रक्तच येऊ लागते आणि नमुना पातळ होतो. पुढच्या दोन आठवड्यांचे यश या एका मिनिटात बरेचसे ठरून जाते, हे या क्षेत्रात काम करणारे जाणतात.

नमुना हेपरिन घातलेल्या नळीत येतो, म्हणजे तो गोठत नाही. मग त्यातल्या उपयोगी पेशी वेगळ्या करायच्या. त्यासाठी फायकोल नावाचा, साखरेच्या साखळ्यांपासून केलेला द्रव नळीत तळाशी घेतात. त्याची घनता 1.077 ठेवलेली असते. त्यावर पातळ केलेला नमुना अलगद, कडेने ओततात, दोन थर मिसळू न देता. अर्धा तास सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर जड तांबड्या पेशी आणि दाणेदार पांढऱ्या पेशी फायकोलच्या खाली जाऊन बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो, आणि दोहोंच्या मध्ये सायीसारखे एक धूसर कडे दिसते. रक्तजनक पेशी त्या कड्यात असतात. पिपेटने नेमके तेवढे कडे उचलणे हे हाताचे कसब आहे आणि ते पुस्तक वाचून येत नाही.

त्या कड्यातही बहुसंख्य पेशी लिम्फोसाइट आणि मोनोसाइट. अधिक शुद्ध पेरणी हवी असेल तर सीडी34 या खुणेचा आधार घेतात. ही खूण रक्तजनक पेशींच्या पृष्ठभागावर असते आणि ती 1984 मध्ये अमेरिकेत कर्ट सिव्हिन यांच्या गटाने शोधली. या खुणेला चिकटणारी प्रतिपिंडे सूक्ष्म लोहकणांना जोडलेली असतात. पेशी चुंबकाजवळून वाहू दिल्या की खूण असलेल्या तेवढ्या अडकून राहतात. मज्जेच्या त्या कड्यात शंभरात एक ते तीन पेशींवर ही खूण सापडते, साध्या रक्तात हजारात एखादीवर. खूण असलेली प्रत्येक पेशी मात्र मूलपेशी नसते. त्यांतल्या बहुतेक पुढच्या पिढीच्या, मार्ग ठरलेल्या पूर्वज पेशी असतात. खरी मूलपेशी त्यांच्यातही दुर्मीळ.

आता पेरणी. माध्यमात क्षार, साखर, अमिनो आम्ले, गायीच्या गर्भाचे सीरम आणि अल्ब्युमिन असते. पण एवढ्यावर रक्तजनक पेशी एक दिवसही नीट टिकत नाही. तिला शरीरातून मिळणारे रासायनिक निरोप लागतात. सुरुवातीच्या काळात हे निरोप कोणते हे माहीत नव्हते, म्हणून इतर पेशी ज्या द्रवात वाढल्या तोच द्रव गाळून घालत, कधी प्रसूतीनंतरच्या वारेच्या तुकड्यांवरचा द्रवही. त्या द्रवांतून एकेक घटक शुद्ध करत करत आजची यादी झाली: तांबड्या पेशींसाठी एरिथ्रोपोएटिन, जे शरीरात मूत्रपिंड तयार करते, पांढऱ्या पेशींसाठी जीएम-सीएसएफ आणि जी-सीएसएफ, अगदी प्रारंभीच्या पेशींसाठी स्टेम सेल फॅक्टर आणि इंटरल्युकिन-3. मात्रा इतक्या सूक्ष्म की त्या एका मिलिलिटरला अब्जांश ग्रॅममध्ये मोजतात. आज मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना एरिथ्रोपोएटिनचे आणि केमोथेरपी घेणाऱ्यांना जी-सीएसएफचे इंजेक्शन तालुक्याच्या औषध दुकानातही मिळते. जी-सीएसएफचा शोध याच बशांमधून लागला. रक्तशास्त्रातल्या या आडबाजूच्या प्रयोगांनी रुग्णांना दिलेले हे सर्वात थेट देणे आहे.

दाट मिथाइलसेल्युलोज पिपेटमध्ये नीट मापता येत नाही, म्हणून ते बोथट सुईच्या सिरिंजने ओढतात. 35 मिलिमीटरच्या छोट्या प्लॅस्टिकच्या बशीत साधारण एक मिलिलिटर मिश्रण पसरतात. मज्जेच्या कड्यातल्या पेशी असतील तर बशीला दहा ते पन्नास हजार, साध्या रक्तातल्या असतील तर लाख-दोन लाख, कारण रक्तात बीज विरळ असते. अशा दोन बशा एका मोठ्या बशीत ठेवून शेजारी निर्जंतुक पाण्याची उघडी बशी ठेवतात. ही पाण्याची बशी क्षुल्लक वाटते, पण दोन आठवडे माध्यम सुकू द्यायचे नसेल तर तिच्याशिवाय चालत नाही. नागपूर-वर्ध्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तर नाहीच नाही. मग सगळे 37 अंश सेल्सिअस, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि दमट हवेच्या इनक्युबेटरमध्ये जाते. चौदा दिवस बशी हलवायची नाही, सारखी उघडून पाहायचे नाही. बुरशीचा एक कण शिरला की सारी मेहनत वाया जाते.

चौदाव्या दिवशी उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली बशी पाहिली की शेत उगवलेले दिसते. सर्वात देखणी असते ती तांबड्या पेशींची मोठी वसाहत. ती अनेक पुंजक्यांची, भुईनळ्यातून ठिणग्या उडाव्यात तशी फुटून पसरलेली असते. कोणताही रंग न टाकता ती लालसर दिसते, कारण तिच्यातल्या पेशींनी आपापले हिमोग्लोबिन तयार केलेले असते. शरीराबाहेर, एका प्लॅस्टिकच्या बशीत, एकाच पेशीच्या पोटी जन्मलेले हे खरेखुरे मानवी हिमोग्लोबिन. पांढऱ्या पेशींच्या वसाहती फिकट, चपट्या, कडेला विखुरलेल्या असतात. क्वचित एखाद्या वसाहतीत तांबड्या, दाणेदार, मोनोसाइट आणि प्लेटलेट बनवणाऱ्या महापेशी अशा सगळ्या एकत्र सापडतात. तिची जननी मूलपेशीच्या सर्वात जवळची. साधारण चाळीस-पन्नास पेशींहून मोठा पुंजका असेल तरच तो वसाहत म्हणून मोजतात. मोजणारा बदलला की आकडा थोडा बदलतो, ही या चाचणीची जुनी दुबळी बाजू आहे. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेला निरोगी दात्यांच्या नमुन्यांवरून स्वतःची मोजपट्टी आखून घ्यावी लागते. दुसऱ्याची उसनी चालत नाही.

ही मोजपट्टी किती मोलाची, याचे उत्तम उदाहरण 1974 चे आहे. कॅनडात प्रचाल आणि ॲक्सेलरॅड यांनी पॉलिसायथेमिया व्हेरा या आजाराच्या रुग्णांची मज्जा पेरली. या आजारात तांबड्या पेशी अवाजवी वाढतात. निरोगी मज्जा एरिथ्रोपोएटिन घातल्याशिवाय तांबड्या वसाहती देत नाही. या रुग्णांच्या मज्जेने मात्र ते न घालताही दिल्या. निरोगी नमुना शेजारी नसता तर त्या वसाहतींचा अर्थच लागला नसता. पेशी निरोपाची वाट न पाहता स्वतःच वाढत आहे, हे बशीने सांगितले. तिच्यातला जॅक2 हा बिघडलेला जनुक सापडायला त्यानंतर 2005 उजाडावे लागले. उलट ॲप्लास्टिक ॲनिमियात मज्जाच ओस पडलेली असते आणि बशीत वसाहती जवळजवळ उगवत नाहीत.

मज्जा न काढता हाताच्या शिरेतल्या साध्या रक्तातून रक्तजनक पेशी वाढवता येणे ही मोठी सोय ठरली. 1989 मध्ये जेरुसलेमच्या ऐतान फिबाख यांच्या गटाने दोन टप्प्यांची द्रव पद्धत प्रसिद्ध केली. पहिल्या टप्प्यात रक्तातल्या सुरुवातीच्या पेशी वाढू द्यायच्या, दुसऱ्या टप्प्यात एरिथ्रोपोएटिन घालून त्यांच्या तांबड्या पेशी पिकू द्यायच्या. या पद्धतीत कोट्यवधी पेशी मिळतात आणि त्यांच्यावर औषधे तपासता येतात. त्यातला एक प्रश्न विदर्भाच्या थेट जिव्हाळ्याचा आहे: गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन प्रौढ पेशीत पुन्हा वाढवता येईल का?

कारण विदर्भ सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आजाराचा पट्टा आहे. मध्य भारतातला सिकलसेलचा दोष नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नोंदवला. जामच्या चौरस्त्यावरून एक रस्ता नागपूरकडे जातो, एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे, एक वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे, आणि पश्चिमेला वर्धा-सेवाग्राम. या चारही दिशांच्या गावांत सांधे दुखून कळवळणारी मुले आहेत. चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे स्वतंत्र केंद्र डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्राला अर्पण झाले, आणि सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झाली. गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असलेल्या रुग्णाला त्रास कमी होतो. हायड्रॉक्सीयुरिया हे स्वस्त औषध बहुतांशी याच वाटेने काम करते. असे दुसरे औषध शोधायचे तर ते आधी मुलाला देऊन पाहता येत नाही. बशीतल्या पेशींना देऊन पाहावे लागते. आणि फरक पडला की नाही हे कळायला पुन्हा निरोगी माणसाच्या पेशी शेजारच्या बशीत लागतातच.

महाराष्ट्रात या शास्त्राचे मोठे घर पुण्यात आहे. 1986 मध्ये प्राणी-ऊती व पेशीसंवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झालेली संस्था आज राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र म्हणून विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरात उभी आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीवाण पुरवणे हे तिचे मूळ काम. तिथे डॉ. ललिता लिमये आणि डॉ. वैजयंती काळे यांनी रक्तजनक पेशींवर दीर्घकाळ काम केले. त्यातला एक धागा गोठवण्याचा आहे. प्रत्यारोपणासाठी पेशी 10 टक्के डीएमएसओ या द्रावणात मिनिटाला एक अंश अशा सावकाश गतीने थंड करून द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर ठेवतात. पण गोठताना आणि वितळताना पेशीच्या पडद्याला इजा होते, ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात. पुण्यात 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गोठवणद्रावणात जीवनसत्त्व ई, जीवनसत्त्व क, कॅटलेज, ट्रेहॅलोज असे घटक घालून पाहण्यात आले आणि वितळल्यावर पेशींची वसाहती करण्याची क्षमता अधिक शाबूत राहते असे दिसले. यश मोजले ते पुन्हा बशीतच. वितळलेली पेशी जिवंत दिसणे वेगळे आणि तिने वसाहत धरणे वेगळे.

डॉ. काळे यांचे आणखी एक निरीक्षण लक्षात ठेवण्याजोगे आहे. टीजीएफ-बीटा1 हा घटक रक्तनिर्मितीला आवर घालणारा म्हणून ओळखला जातो. तोच अगदी सूक्ष्म मात्रेत दिला तर पेशींना वाढायला मदत करतो. म्हणजे माध्यमात काय घालायचे याइतकेच किती घालायचे हे महत्त्वाचे. वनस्पतींचाही या कामाशी संबंध आहे. आपल्या बिरड्यांच्या उसळीतल्या वालामध्ये फ्रिल नावाचे एक प्रथिन असते आणि ते रक्ताच्या पूर्वज पेशींना द्रव माध्यमात शांत, न विभागता टिकवून धरते, असे अमेरिकेतल्या संशोधकांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केले. मॅनोज शर्करेला चिकटणाऱ्या अशा वनस्पतिप्रथिनांचा नाळेतल्या रक्ताच्या पेशींवर होणारा परिणाम पुण्यातही अभ्यासला गेला.

पेशी शांत ठेवण्याचा एवढा खटाटोप का, हे समजून घेतले पाहिजे. या शास्त्राची मुख्य अडचण तीच आहे. रक्तजनक पेशींना वाढवणे आता सोपे झाले. मूलपेशीला मूलपेशी म्हणून वाढवणे सोपे झालेले नाही. बशीत तिला भरपूर वृद्धिघटक दिले की ती विभागते, पण विभागता विभागता तांबडी किंवा पांढरी पेशी होऊन जाते. बियाणे वाढवायला जावे आणि सगळे पीक तिथेच कापणीला यावे, तसे हे होते. हाडात तिच्याभोवती आधारपेशी, बारीक रक्तवाहिन्या आणि कमी ऑक्सिजन असतो. मॅंचेस्टरचे मायकेल डेक्स्टर यांनी 1977 मध्ये मज्जेतल्याच आधारपेशींचा गालिचा बशीत अंथरून त्यावर उंदराच्या रक्तजनक पेशी महिनोन्‌महिने जिवंत ठेवल्या. मानवी पेशींसाठी त्याच तत्त्वावर पाच आठवड्यांची चाचणी बसवण्यात आली: पाच आठवडे उलटूनही जी पेशी वसाहत देते ती मूलपेशीच्या निकटची मानायची. प्रगती झालीच नाही असे नाही. निकोटिनामाइड वापरून नाळेतल्या रक्ताच्या पेशी वाढवून केलेल्या ओमिडुबिसेल या उपचाराला एप्रिल 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. दात्यांच्या रक्तातल्या मूलपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या तांबड्या पेशी 2022 मध्ये ब्रिटनमध्ये प्रथमच स्वयंसेवकांना दिल्या गेल्या. मात्रा होती एक-दोन चमचे. रक्तपेढीला पर्याय उभा राहायला अजून फार अवकाश आहे, आणि तोवर रक्तदानाची गरज तसूभरही कमी होत नाही.

रुग्णाच्या खाटेशी या कामाची गाठ महाराष्ट्रात मार्च 1983 मध्ये पडली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातले हे पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण. आता पुढचा टप्पा सुरू झाला आहे. रुग्णाच्याच रक्तजनक पेशी काढायच्या, बशीत त्यांच्या जनुकात दुरुस्ती करायची आणि त्याच पेशी परत द्यायच्या. सिकलसेलसाठीच्या अशा पहिल्या उपचाराला, कॅसजेव्हीला, नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे. विदर्भातल्या शेतमजुराच्या घराला या आकड्याचा काही उपयोग नाही. म्हणून दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने तयार केलेल्या आणि नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झालेल्या बिरसा 101 या देशी उपचाराकडे, आणि तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी झालेल्या कराराकडे, इथल्या लोकांनी लक्ष ठेवायला हवे. अशा उपचारात पेशी शरीराबाहेर काही दिवस तरी असतात. त्या काळात त्या मूलपेशी म्हणून टिकल्या तरच उपचार लागू पडतो. त्याची परीक्षा करणाऱ्या चाचण्यांत चौदा दिवसांची तीच जुनी बशी आहे.

मूलपेशींच्या नावाने गुडघ्यापासून मतिमंदत्वापर्यंत सगळे बरे करण्याच्या जाहिराती गावोगाव पोचल्या आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे रक्तजनक पेशींचे प्रत्यारोपण हाच मूलपेशींचा प्रस्थापित उपचार आहे. बाकीचे सारे संशोधन, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. बाळाच्या नाळेचे रक्त त्याच्याच भविष्यासाठी खासगी पेढीत पैसे भरून ठेवण्यालाही शास्त्रीय आधार नाही, असे परिषदेने स्पष्ट म्हटले आहे. या विषयावर विकण्यासारखे फार थोडे आणि शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

हे शिकणे निरोगी नमुन्यांअभावी अडते. खुब्याच्या शस्त्रक्रियेआधी किंवा भावंडाला मज्जा देताना उरलेला अंश संशोधनासाठी द्याल का, असे विचारणारा कागद पुढे आला तर तो वाचून घ्यावा, मराठीत समजावून मागावा, नमुना कुठे जाणार आणि नाव गुप्त राहणार का हे विचारावे, आणि पटले तर सही करावी. दिलेली मज्जा दात्याच्या हाडात काही आठवड्यांत पुन्हा भरून येते.